अठ्ठावीस दिवसांनी या

"सिव्हिल म्हणजे काय, कोण सांगेल?" मी विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "हॉस्पिटल!"

वर्ग खिदळला. मीही हसले, कारण तसं पाहिलं तर पोराचं उत्तर बरोबर होतं. नाशकात कुणी 'सिव्हिलला' म्हणालं की ते जिल्हा रुग्णालयाबद्दलच बोलत असतं. मी सिव्हिल इंजिनिअर; पण 'मी सिव्हिलमध्ये आहे' असं सांगितल्यावर मला आजवर किमान चार जणांनी नर्स समजून बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारलंय.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी दहावीच्या मुलांसाठी 'करिअर मार्गदर्शन' करायला बोलावलं होतं. मी रात्र जागून स्लाइड केल्या होत्या. बुर्ज खलिफा, वांद्रे-वरळी सागरी सेतू, इगतपुरीजवळचा समृद्धी महामार्गाचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. मुलं छान बसली. छान म्हणजे गप्प. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅडम, सुरुवातीला पगार किती मिळतो?" मी खरा आकडा सांगितला. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. नारळ आणि गुलाबाचं फूल घेऊन मी रिक्षात बसले.

घरी येईपर्यंत एक गोष्ट टोचत राहिली. चाळीस मिनिटांत त्या मुलांनी कशालाही हात लावला नव्हता. मी या कामात आले ती काही कुणाचं भाषण ऐकून नव्हे. १९८८ साली सिडकोतल्या आमच्या घरावर आम्ही मजला चढवत होतो. मी सातवीत. गवंड्याने पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून तो खोलीच्या पलीकडे गेला आणि म्हणाला, "हलू नको. पाणी थांबू दे." पाणी वरखाली हिंदकळलं आणि थांबलं. त्याने भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, मला माझ्या बाजूला करायला लावली. दोन्ही खुणा एकाच पातळीवर! मध्ये सामान, वाळूचा ढीग, अर्धी भिंत; पाण्याला त्याचं काही नव्हतं. माझं ॲडमिशन त्या दिवशी झालं. कॉलेजचा फॉर्म नंतर भरला.

म्हणून पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा म्हटलं, भाषण नको. मे महिन्यात पाच दिवस द्या, सकाळी सात ते अकरा. नववी संपवून दहावीत जाणारी मुलं द्या आणि मैदानाचा एक कोपरा द्या. घाण करू, नंतर साफही करू.

बावीस मुलं आली. जास्त आली असती, पण दहावीचे जादा तास सुट्टीतच सुरू होतात. एका आईने फाटकाशी गाठून विचारलं, "सर्टिफिकेट मिळेल ना?" म्हटलं, मिळेल. (नंतर खरोखरच छापून घ्यावी लागली.)

पहिल्या दिवशीचा गुरुजी मी नव्हते. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेले एक गवंडी मामा आहेत, आता गुडघे धरल्यामुळे घरीच असतात. त्यांना बोलावलं तर म्हणाले, "शाळेत मी काय शिकवणार ताई? माझी सही बी धड नाही." रोजाच्या दुप्पट पैसे ठरवले तेव्हा आले. अशा माणसाला 'समाजकार्य' म्हणून फुकट बोलावणं मला पटत नाही. व्याख्यात्याला मानधन आणि गवंड्याला चहा, हा आपला जुना रोग आहे.

मामांनी मैदानात दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि मुलांना म्हणाले, "आता याला काटकोनात दुसरी दोरी लावा." मुलांनी कंपासपेटीतले गुण्ये काढले. एवढासा गुण्या दहा फुटांच्या दोरीला लावल्यावर टोकाशी वीतभर चूक यायची. मामांनी शांतपणे एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये बरोबर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवत नेली. "झाला काटकोन."

दोन सेकंद शांतता. मग एक मुलगी किंचाळलीच, "पायथागोरस!"

"कोण?" मामा म्हणाले.

मग मुलांनी मामांना पायथागोरस समजावून सांगितला. नऊ अधिक सोळा, पंचवीस. मामा ऐकत होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना तीन-चार-पाच शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. हे पुस्तकात आहे आणि त्याला एका माणसाचं नाव आहे, ही बातमी त्यांच्यासाठी नवी होती. निघताना त्यांनी त्या मुलीकडून ते कागदावर लिहून घेतलं आणि खिशात ठेवलं. ती मुलगी मात्र मला म्हणाली, "मॅडम, नववीत मी हे पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं."

मग ओळंबा आणि पाण्याची नळी. नळीने काय मोजायचं हे मुलांवरच सोडलं, तर त्यांनी शाळेच्या दारातला रॅम्प मोजला. अपंगांच्या रॅम्पला बारास एक चढ असावा, म्हणजे बारा फूट पुढे जाताना एक फूट वर, त्याहून उभा नको, एवढं मी सांगितलं होतं. शाळेचा रॅम्प निघाला सहास एक. "म्हणजे यावरून व्हीलचेअर ढकलता येणारच नाही?" "ढकलून बघ." वर्गातलीच चाकांची खुर्ची आणली, तीत एकाला बसवलं आणि दोघांनी ढकलली. अर्ध्यावर तिघेही मागे आले. मुख्याध्यापक खिडकीतून पाहत होते. रॅम्प अजून तसाच आहे, पण त्या मुलांना आता कुठल्याही बँकेत, दवाखान्यात शिरताना आधी रॅम्प दिसतो. एकीच्या आईने तक्रार केली की पोरगी लग्नाच्या हॉलबाहेर वाकून काहीतरी मोजत बसली होती.

दुसरा दिवस वर्तमानपत्रांच्या पुलाचा. दोन स्टुलं साठ सेंटिमीटर अंतरावर. फक्त रद्दी, चिकटपट्टी आणि सुतळी. पुलावर लिटर-लिटरच्या पाण्याच्या बाटल्या ठेवत जायच्या; पूल बसला की मोजणी संपली. परदेशात हा खेळ म्हणे स्पॅगेटीचा करतात. आमच्या शेवयांनी एक बाटलीही तोलली नसती, शिवाय आयांनी मला उभं केलं नसतं.

पहिले पूल सपाट कागदाचे, ते दोन बाटल्यांत गेले. मग कुणीतरी कागदाच्या घट्ट सुरळ्या केल्या. मग चौकटी केल्या. चौकट कलंडते, हे हाताने ढकलल्यावर कळतं; त्रिकोण मात्र ढकलला तरी आकार सोडत नाही, एखादी सुरळी मोडल्याशिवाय. मी हे आधी सांगू शकले असते. मुद्दाम सांगितलं नाही. दीड तास मुलं आपापल्या पुलांची कंबर मोडताना बघत होती, आणि तेवढ्या वेळात एकदाही कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

त्यात निफाडकडचा एक मुलगा होता. शाळेसाठी मावशीकडे राहतो, बोलतो कमी. त्याच्या गटाने पुलाच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधून ती स्टुलांच्या मागे खाली ओढून बाकाच्या पायांना बांधली होती. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाला, "ताण दिला." "का दिला?" तो गोंधळला. श्वास कशासाठी घेतो असं विचारल्यावर माणूस गोंधळेल तसा. मग म्हणाला, "मांडवाला देतो तसा."

आणि मग त्या मुलाने मला द्राक्षाचा मांडव समजावला. ओळीच्या मधले लोखंडी अँगल नुसते उभे असतात, त्यांना फार त्रास नसतो. खरी ओढ शेवटच्या अँगलला. सगळ्या ओळीच्या तारा त्यालाच आत खेचतात, म्हणून तो बाहेरच्या बाजूला कलता रोवायचा आणि त्याला मागून तार बांधून ती जमिनीत पुरलेल्या दगडाला घ्यायची. फेब्रुवारीत घड भरले की एकरी दहा-दहा टन माल त्या तारांवर लटकतो. "दगड उथळ पुरला असला ना मॅडम, आणि नेमका तेव्हा अवकाळी आला, तर माती ढिली होते, दगड उचलतो आणि मग सगळी ओळच्या ओळ बसते. आमची बसली होती."

'आमची बसली होती' हे त्याने ज्या आवाजात सांगितलं, त्यावर मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळाने मी फळ्यावर झुलता पूल काढला. दोन मनोरे, मधली केबल, आणि केबलची टोकं मनोऱ्यांपलीकडे जमिनीत घट्ट धरून ठेवणारे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे. तो उठून फळ्यापाशी आला आणि त्या ठोकळ्यावर बोट ठेवलं. "दगड."

होय, दगड. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला जे शिकवताना प्राध्यापकांचा घसा बसला होता, ते या मुलाला बापाच्या नुकसानीतून आधीच ठाऊक होतं. फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं की हा 'विषय' असतो, त्याचं गणित मांडता येतं, आणि दगड किती खोल पुरायचा हे ओळ बसण्याआधी काढता येतं. आमच्या जिल्ह्यात अशी मुलं किती असतील! पाटाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या घरांतली, विहिरी खोदणाऱ्यांची, वीटभट्टीवरची. बागलाणात मोसम नदीवर शेकडो वर्षं फड पद्धतीने, म्हणजे शेतांचे गट पाडून, बंधाऱ्याचं पाणी वाटलं गेलं. पाटकरी कोण, जागल्या कोण, कुठल्या फडात कुठलं पीक, सगळं गावाने ठरवायचं. त्या गावांतल्या मुलांना आपण मोठ्या शहरांतल्या काचेच्या इमारती दाखवून सिव्हिलकडे ओढू पाहतो. मीही तेच केलं होतं.

पाण्याचा दिवस असाच. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं होतं. कालव्यावरच्या लहान पुलावरून एका मुलाने लिंबू सोडायचं, दहा मीटर पुढे काठावर उभ्या असलेल्याने हात वर करायचा, तिसऱ्याने वेळ घ्यायची. लिंबूच का? तर ते बरंचसं बुडून तरंगतं, म्हणून वारा त्याला ढकलत नाही. पुलावरून जाणाऱ्या एका आजोबांनी गाडी थांबवून विचारलं, "कुणाची दृष्ट काढताय?"

दहा मीटरला वीस सेकंद. म्हणजे वरच्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण तळाशी आणि काठाशी पाणी घासत जातं, हळू असतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं. पाण्याची रुंदी-खोली बांबूने मोजून छेद निघाला साधारण २.४ चौरस मीटर. गुणाकार केला तर सेकंदाला एक घनमीटरच्या जरा वर. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी दर सेकंदाला एक! मुलांना हे खरं वाटेना, पुन्हा लिंबू सोडलं. तेवढंच आलं. क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत, ३६. पावसाळ्यात पेपरात 'गंगापूरमधून इतके हजार क्युसेक विसर्ग' असं येतं, तो आकडा तोवर त्यांच्या डोळ्यांपुढून नुसता जात असे. आता एकाने छत्तीसचा हिशोब धरून डोक्यातल्या डोक्यात हजार क्युसेकच्या टाक्या मोजायला घेतल्या.

तिथून गोदाघाटावर गेलो. नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती नाशिककरांना सांगायला नको. पंचवटीतल्या एका मुलीचं भांडीबाजारात वडिलोपार्जित दुकान आहे. ती म्हणाली, "आमच्या आजीचं ठरलेलंय. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की खालच्या फळ्या रिकाम्या करायच्या. कमरेला लागलं की कुलूप लावून घरी." मी तिला सांगितलं, आम्ही नदीत आकडे रंगवलेली पट्टी उभी करतो आणि पातळी वाचतो, तुझी आजी तेच वाचते, फक्त तिची पट्टी शेंदरी आहे. १९६९ च्या पुरात पाणी नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला लागलं होतं असं जुनी माणसं सांगतात. मुलांनी तिथे उभं राहून घंटेकडे वर पाहिलं आणि मग मागे वळून नदीकडे पाहिलं. हे मला स्लाइडवर दाखवता आलं नसतं.

घाटावरच मी त्यांना विश्वेश्वरय्यांचं सांगितलं. पंधरा सप्टेंबरला आमच्या ऑफिसांत त्यांच्या फोटोला हार घालतात, पेढे वाटतात आणि कामाला लागतात. पण पुण्यात इंजिनिअर होऊन १८८४ साली ते मुंबई सरकारच्या नोकरीत लागले, तेव्हा पहिली नेमणूक सहायक अभियंता म्हणून नाशकातच झाली होती. पुढे खडकवासल्याला पुराच्या वेळी आपोआप उघडणारी दारं त्यांनी बसवली, ती १९०३ ची गोष्ट. "म्हणजे त्यांनी हा मारुती बघितला असेल?" एकाने विचारलं. या प्रश्नावर मुलं बराच वेळ वाद घालत राहिली. मी मध्ये पडले नाही.

घाटावर दुसराही एक विषय निघतोच. कुंडांच्या तळाशी मागे काँक्रीट ओतलं गेलं, मग तेच काढा म्हणून लोक न्यायालयापर्यंत गेले, कारण तळातले जिवंत झरे बुजले. मुलांना विचारलं, काँक्रीट चांगलं की वाईट? बराच गोंधळ झाला. मी एवढंच म्हणाले की आपल्या कामात ओतायचं कसं हे चार वर्षांत शिकवतात, कुठे ओतायचं नाही हे शिकायला जास्त वेळ लागतो. २०२७ चा सिंहस्थ येतोय, शहरभर खोदकाम आहे. ही मुलं तेव्हा बारावीच्या आसपास असतील. बघतील.

आता ते पगाराचं. चौथ्या दिवशी तो प्रश्न पुन्हा आला, या वेळी मी पूर्ण उत्तर दिलं. सुरुवातीला पैसे कमी असतात, कॉम्प्युटरवाल्या मित्रापेक्षा खूपच कमी. ऊन असतं. बिलं रखडतात. आणि कधीतरी कुणीतरी एक कागद पुढे सरकवून 'एवढी सही करून टाका' म्हणतं. तेव्हा काय करायचं हे कुठल्या पुस्तकात नाही. कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा आधी भरतात, सिव्हिलच्या मागे राहतात, हेही सांगितलं. काहींचे चेहरे उतरले. उतरू देत. गोड बोलून आणलेली मुलं दुसऱ्या वर्षी शाखा बदलायच्या रांगेत उभी राहतात.

मग एका मुलीने हात वर केला. "मॅडम, साइटवर मुलींसाठी बाथरूम असतं का?"

१९९७ साली मी पहिल्या साइटवर रुजू झाले, तिथे नव्हतं. सकाळी निघताना पाणी प्यायचं नाही, हा माझा पहिला इंजिनिअरिंग निर्णय. सहा महिन्यांनी मूत्रमार्गाच्या संसर्गाने आठवडाभर पडून होते. ठेकेदाराला म्हटलं, एक पत्र्याची खोली उभारा, तर तो हसला होता. वर्गातले मुलगेही होते समोर, तरी मी हे सगळं सांगितलं. आता माझ्या साइटवर पायाच्या आधी बाथरूम उभं राहतं, आणि ज्या साइटवर नसेल तिथे तू ते मागायचं, लाजायचं नाही. ती म्हणाली, "मागेन." तिच्या आवाजात लाज नव्हती. बरं वाटलं.

काँक्रीटचं राहिलंच की. ते शनिवारी केलं, शेवटच्या दिवशी. एक भाग सिमेंट, दीड भाग कच (दगडाचा बारीक चुरा), तीन भाग खडी, आणि पाणी मोजून. पंधरा सेंटिमीटरचे लोखंडी साचे. एका गटाने मामांच्या देखरेखीखाली केलं. माल इतका घट्ट की फावडं फिरेना. दुसऱ्या गटाने कुणाचं लक्ष नसताना दोन मग पाणी जास्त ओतलं. मी पाहिलं होतं. मामांनीही पाहिलं होतं, ते माझ्याकडे बघून हसले, कारण साइटवर रोज हेच चालतं. माल पातळ असला की हात कमी दुखतात आणि वर दिसायलाही गुळगुळीत येतो. माल किती पातळ ते पाहायला तो शंकूत भरून शंकू उचलला तेव्हा पहिल्या गटाचा ढीग जरासा दबला, दुसऱ्याचा ताटातल्या पिठल्यासारखा पसरला. तरी साच्यात भरल्यावर दुसऱ्यांचाच ठोकळा जास्त देखणा दिसत होता. त्यांनी तो मिरवला.

"आता याची ताकद कधी कळणार?"

"अठ्ठावीस दिवसांनी. तोवर पाण्यात ठेवायचा."

शिबिर तर आज संपत होतं. मुलांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. एक मुलगा बोटांवर मोजत म्हणाला, "चार आठवडे. म्हणजे शनिवारच." शिपाईकाकांनी नाक मुरडत हौद भरून द्यायचं कबूल केलं.

मला वाटलं होतं, दोन-तीन येतील. शाळा सुरू झालेली, क्लास सुरू झालेले, त्यात पाऊस. एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत दाब देण्याचं यंत्र वापरायची परवानगी मिळाली होती, तिथे शनिवारी दुपारी अकरा मुलं आली. निफाडचा होता. पायथागोरसवाली होती. पाणी ओतणारा गट पूर्णच्या पूर्ण आला होता, आणि मामा गुडघ्याला पट्टा बांधून.

मामांचा ठोकळा आधी लावला. मी सांगितलं, आपल्याला ४५ टन हवेत, म्हणजे साधारण तीन भरलेल्या एसटी. काटा चढत गेला. पंचेचाळीस ओलांडले, मुलांनी श्वास धरला, बावन्नला आतून 'थप्' असा आवाज झाला आणि ठोकळ्याच्या बाजू गळून पडल्या. मधला भाग डमरूसारखा उरला. टाळ्या. मामांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

दुसरा, देखणा ठोकळा. तो एकतीसलाच गेला.

कुणी हसलं नाही. त्या गटातल्या मुलीने तुटलेला तुकडा उचलला आणि आत बोट घातलं. बारीक बारीक छिद्रं होती. "ही कशाची?" सिमेंटला लागतं तेवढं पाणी ते घेतं, उरलेलं पुढे वाळून जातं, आणि जाताना जागा रिकामी ठेवून जातं, असं मी सांगितलं. ती छिद्रांकडे बघत राहिली. "आपण टाकलेले दोन मग," ती स्वतःशीच म्हणाली.

मग बाकीच्यांना बोलावून तिने कोपऱ्यात काहीतरी ठरवलं आणि माझ्याकडे आली. "मॅडम, साचे आहेत ना तुमच्याकडे? आजच परत टाकू. पाणी मोजून."

"आज टाकला तर अठ्ठावीस दिवस..."

"एकोणीस जुलै," बोटांवर मोजणारा मुलगा म्हणाला. "शनिवारच."

"चाचणी परीक्षा आहे ना त्या आठवड्यात?"

"शुक्रवारी संपते."

मी मामांकडे पाहिलं. ते खाली बसून आधीच साच्यांना तेल लावत होते. शाळेत फोन केला तर शिपाईकाकांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे हौद परत मीच भरायचा का?"